मोठा मासा जगतो, पिल्लू मरतं : फवारणीचं औषध पऱ्यात उतरल्यावर नेमकं काय होतं?

रत्नागिरी : मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणात वलगण लागते. डोहात, कोंडीत दडलेले मासे नव्या पाण्याच्या ओढीने पऱ्यातून, व्हाळातून थेट भाताच्या खाचरापर्यंत चढतात. पोटात अंडी असतात, ती उथळ पाण्यात सोडायची असतात. गावातली माणसं बॅटऱ्या आणि पाग घेऊन रात्रीच बाहेर पडतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जुन्या माणसांना विचारलं, तर उत्तर जवळपास एकच मिळतं : "पूर्वी टोपलीभर मिळायचे, आता कालवणापुरते मिळतात."

मासे कमी होण्याची कारणं अनेक आहेत. वाळू उपसा, ठिकठिकाणचे बंधारे, अंडी घालायच्या आधीच होणारी वलगणीची मासेमारी ही त्यातली काही. पण एक कारण असं आहे की ते डोळ्यांना दिसतच नाही. फवारणीचं औषध पाण्यात उतरलं की मोठा मासा अनेकदा वाचतो. मरतात ती अंडी आणि केसाएवढी पिल्लं. ती तरंगत नाहीत, त्यांचा वास सुटत नाही, कुणी फोटो काढत नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र जाळं हलकं लागतं.

पिल्लाचे पहिले चार दिवस

औषध पिल्लाला का बाधतं हे कळायला, मासा कसा घडतो ते आधी पाहावं लागतं.

रोहू-कटला जातीच्या माशाचं अंडं कोमट पाण्यात साधारण १४ ते २० तासांत फुटतं. इतक्या कमी वेळात एका पेशीपासून डोळे, पाठीचा कणा, हृदय, शेपटी असं सगळं तयार होतं. बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटरचं असतं. त्याला धड तोंड नसतं. पोटाला बलकाची पिशवी चिकटलेली असते, तिच्यावर ते तीनेक दिवस काढतं. मत्स्यबीजाच्या धंद्यात याच अवस्थेला मत्स्यजिरे म्हणतात. बलक संपला की त्याला पहिल्यांदा स्वतः खावं लागतं. ते खातं काय, तर पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव.

या काळात पिल्लाच्या तीन अडचणी असतात.

पहिली म्हणजे, त्याचे कल्ले अजून तयार नसतात. ते बराचसा श्वास कातडीतून घेतं. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट अंगात. शरीर एवढंसं असल्यामुळे वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ खूप जास्त, त्यामुळे औषधही त्या मानाने जास्त शिरतं.

दुसरी म्हणजे, विष मोडून बाहेर टाकणारं यकृत अजून कच्चं असतं. मोठा मासा थोडंफार विष पचवतो, पिल्लाला ते जमत नाही.

तिसरी म्हणजे, त्याला पळता येत नाही. मोठा मासा वाईट पाण्यातून बाजूला सरकतो. पिल्लू पाणी नेईल तिकडे जातं.

अंड्याला निदान कवच असतं, ते काही औषधं थोडी अडवतं. म्हणून पुष्कळ औषधांच्या बाबतीत सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे अंड्यातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही दिवस.

कुठलं औषध काय करतं?

बागायतदार ज्याला सरसकट 'औषध' म्हणतो, त्यात वेगवेगळे गट आहेत. प्रत्येकाची माशावर घाव घालायची जागा वेगळी.

पायरेथ्रॉइड गट : डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, सायपरमेथ्रिन ही यातली नावं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या आंबा फवारणी वेळापत्रकात यातली दोन नावं बागायतदारांच्या ओळखीची आहेत. ही औषधं नसांमधून संदेश नेणारी दारं उघडीच ठेवतात. त्यामुळे किडीला झटके येतात आणि ती मरते. माणूस आणि पक्षी हे औषध शरीरात लवकर मोडू शकतात, माशाचं शरीर ते फार हळू मोडतं. म्हणून माणसाला मानाने कमी धोकादायक असलेलं हे औषध माशाला जहाल ठरतं.

ऑर्गॅनोफॉस्फेट गट : क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, अॅसिफेट वगैरे. नसेने स्नायूला 'आवळ' असा निरोप दिला की तो निरोप लगेच पुसला जावा लागतो. ते पुसायचं काम शरीरातलं एक द्रव्य करतं. ही औषधं त्या द्रव्यालाच निकामी करतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू आवळलेलेच राहतात. पिल्लाचा कोवळा कणा त्या ताणाने वाकतो. प्रयोगशाळेत अशी वाकड्या पाठीची, गोल फिरणारी पिल्लं दिसतात. असं पिल्लू मेलं नाही तरी त्याला भक्ष्य पकडता येत नाही आणि पळताही येत नाही. पाण्यात याचा अर्थ मरणच.

मोरचूद : गुहागर, दापोली पट्ट्यात सुपारीवरच्या कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात. मोरचूद आणि चुना म्हणजे जुनं, घरगुती औषध, म्हणून ते निर्धोक वाटतं. पण त्यातलं तांबं माशाच्या कल्ल्यांना बाधतं आणि अंगातलं मिठाचं गणित बिघडवतं. माशाचं नाकही ते बधिर करतं, मग त्याला शत्रूचा वास येत नाही. पावसाच्या नव्या पाण्यात क्षार कमी असतात, आणि अशा मऊ पाण्यात तांबं जास्त बाधतं.

निओनिकोटिनॉइड गट : इमिडाक्लोप्रीड, थायमेथोक्झाम. यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

माशाच्या अंड्यावर औषधाचा परिणाम तपासायची जगभर मान्य झालेली पद्धत २०१३ साली ठरली. त्यासाठी वापरतात तो इवलासा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे आतलं पिल्लू जिवंतपणी पाहता येतं. ९६ तास पाहणी करून चार गोष्टी तपासतात : अंडं दुधाळ होऊन गोठलं का, पाठीचे मणके ज्यापासून बनतात ते खंड पडले का, शेपटी बलकापासून सुटी झाली का आणि हृदय धडधडतंय का. यातली एक जरी गोष्ट बिघडली तरी पिल्लू मेलं असं धरतात. याशिवाय हृदयाभोवती पाणी साचणं, अंडं उशिरा फुटणं, पोटातली हवेची पिशवी न फुगणं असे परिणामही दिसतात. हवेची पिशवी फुगली नाही तर पिल्लाला पाण्यात तोल सावरता येत नाही.

दोन चमच्यांचा हिशेब

"एवढ्याशा औषधाने एवढ्या पाण्याला काय होणार?" हा प्रश्न हमखास येतो. तर हिशेबच करून पाहू.

लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के हे औषध घ्या. बाटली नीट न धुता फेकली आणि तिच्यात १० मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे औषध राहिलं असं समजा. त्यात मूळ विष असतं साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजेच ५ लाख मायक्रोग्रॅम.

ब्लूगिल नावाच्या अमेरिकन माशावर या औषधाच्या चाचण्या झाल्या आहेत. लिटरला साधारण ०.२ मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणात चार दिवसांत निम्मे मासे मेले. आता ५ लाखाला ०.२ ने भागा. उत्तर येतं २५ लाख लिटर. म्हणजे ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि एक मीटर खोल तळं.

खऱ्या पऱ्यात परिणाम इतका सरळ होत नाही. हे औषध गाळाला, पानांना, मातीला पटकन चिकटतं, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण उतरतं. वाहतं पाणी ते पुढे नेतं. पण दोन चमच्यांत केवढी ताकद आहे ते यावरून कळतं. आणि जे गाळाला चिकटलं ते संपलं असंही नाही. पऱ्याच्या तळाशी बसून ते तिथल्या किड्यांना आणि तळाला चिकटवलेल्या अंड्यांना बाधू शकतं. खाडीतली काळुंदर अशीच बुडालेल्या दगडाला, लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघं राखण करतात. राखणदार मोठे असतात, ते तगतात. राखलेलं मात्र हातचं जातं.

पिल्लू जिवंत, पण ताट रिकामं

आता निओनिकोटिनॉइडची गोष्ट. ही औषधं माशाला थेट फारशी मारत नाहीत. म्हणून ती 'माशाला सुरक्षित' वाटतात. पण पाण्यातले किडे आणि कोळंबीच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव यांना ती फार बाधतात. शिवाय पायरेथ्रॉइडसारखी ती मातीला घट्ट चिकटत नाहीत, पाण्यात विरघळून दूरवर जातात.

जपानमध्ये शिंजी नावाचं एक सरोवर आहे. आपल्या खाडीसारखंच निमखाऱ्या पाण्याचं, भोवती भातशेती. १९९३ पासून तिथल्या शेतीत या गटातली औषधं वापरात आली. त्यानंतर सरोवरातल्या सूक्ष्म जीवांचं वसंत ऋतूतलं प्रमाण ८३ टक्क्यांनी घटलं. ते खाऊन जगणाऱ्या स्मेल्ट या छोट्या माशाचं उत्पन्न वर्षाला २४० टनांवरून २२ टनांवर आलं. जपानी शास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्या माशाला कुणी विष घातलं नव्हतं. त्याच्या पिल्लांपुढचं ताट काढून घेतलं गेलं.

त्याहून जुनं उदाहरण कॅनडातल्या मिरामिची नदीचं. १९५४ साली तिथल्या जंगलावर किडीसाठी विमानातून डीडीटी फवारलं. नदीतल्या सामन माशांची त्या वर्षी जन्मलेली पिल्लं जवळजवळ सगळी नाहीशी झाली. पिल्लांची एक अख्खी पिढी गेली की तिचा फटका त्याच वर्षी कळत नाही. ती पिढी मोठी होऊन परत यायची असते त्या वर्षी कळतो.

बागेतून खाडीपर्यंतच्या वाटा

आंब्याची फवारणी पालवी-मोहोरापासून सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. तेव्हा पऱ्ये आटलेले असतात, मग औषध पाण्यात जातं कसं? वाटा बऱ्याच आहेत.

उन्हाळ्यात पाणी आटून कोंडी उरतात. सगळे मासे त्याच कोंडीत गोळा झालेले असतात. फवारणीची टाकी भरायला पाणी तिथूनच घेतलं जातं, पंप आणि बादल्याही तिथेच विसळल्या जातात. थोड्या पाण्यात थोडं औषधही जास्त होतं.

दुसरी वाट पावसाची. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सड्यावरच्या, उतारावरच्या बागांतली माती पहिल्या पाण्याबरोबर खाली येते आणि मातीला चिकटलेलं औषधही तिच्यासोबत येतं. नेमकी हीच वेळ वलगणीची.

तिसरी वाट भाताच्या खाचरातली. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी शिजवलेल्या भातात कीटकनाशक मिसळून आमिष ठेवतात. ते बिळात ठेवून बीळ बुजवलं तर ठीक. उघड्यावर टाकलं तर पावसाने ते खाचरात आणि तिथून पऱ्यात.

चौथी वाट सरळ गुन्ह्याची. काही ठिकाणी मासे मारायला डोहात औषध किंवा ब्लीचिंग पावडर ओततात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून पाण्यात विष घालून मासे मारायला बंदी आहे. चार किलो माशांसाठी त्या डोहाची पुढच्या कित्येक हंगामांची पिल्लं मारली जातात. शिवाय ते मासे खाणाऱ्याच्या पोटातही तेच विष जातं.

पाचवी वाट कारखान्यांची. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि कीटकनाशकांचे कारखाने आहेत. वसाहतीचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जाऊन दाभोळ खाडीत सोडलं जातं. या खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत आणि खाडीकाठचे भोई, खारवी, दालदी मच्छीमार सतत तक्रारी करत आले आहेत. खाडी म्हणजे माशांचं पाळणाघर. बोय समुद्रात अंडी घालते, पण तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. तांबोशी, जिताडा, कोळंबी यांचंही तसंच. खाडीचं पाणी बिघडलं तर समुद्रातल्या जाळ्यालाही फटका बसतो.

सरकार १ जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवतं, ती माशांच्या विणीसाठी. मच्छीमार होड्या वर ओढून घरी बसतो. त्याच दिवसांत डोंगरातून खाली येणाऱ्या औषधाला मात्र कुठली बंदी नाही.

डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो?

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पुष्कळांची समजूत असते की निळा-हिरवा त्रिकोण म्हणजे सगळ्यांनाच कमी धोका. तसं नाही. हा रंग उंदरासारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचणीवरून ठरतो, म्हणजे तो माणसाच्या धोक्याचा अंदाज देतो. माशाबद्दल तो काहीच सांगत नाही. माशाबद्दलची सूचना आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरात असते. दुकानदाराकडून ते पत्रक मागून घ्यावं आणि 'मासे', 'जलचर', 'पाण्याचे स्रोत' हे शब्द शोधून वाचावेत.

केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर २० वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. २००० साली ते थांबलं, तोवर माणसांनी मोठी किंमत मोजली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर त्यावर बंदी आणली. हे औषध माशालाही अत्यंत घातक. बंदी येईपर्यंत तेही दुकानात रीतसर मिळत होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बागायतदाराला काय करता येईल?

फवारणी बंद करा असं सांगणं सोपं आहे. पण तुडतुड्याने मोहोर काळा पडला तर वर्षाचं उत्पन्न जातं. बाग आणि पऱ्या दोन्ही सांभाळायचे तर पुढच्या गोष्टी हातातल्या आहेत.

• पंप, टाकी, बादल्या पऱ्यात, विहिरीजवळ किंवा कोंडीत धुऊ नका. बागेतच, पाण्यापासून लांब, कलमाच्या बुंध्याकडे धुवा.

• रिकामी बाटली तीन वेळा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी ती घरात वापरणार नाही. वर केलेला दोन चमच्यांचा हिशेब इथेच वाचतो.

• टाकी भरताना नळी थेट पऱ्यात सोडू नका. पंप बंद झाला की टाकीतलं औषध उलटं पाण्यात येऊ शकतं. पाणी आधी वेगळ्या पिंपात घ्या.

• पऱ्याच्या काठची झाडझुडपं तोडू नका. काठावर काही मीटरचा हिरवा पट्टा राहिला तर माती आणि औषध तिथेच अडतं. त्या पट्ट्यालगत फवारणी करताना वारा पाण्याकडे नसावा.

• पाऊस येणार असेल तर फवारणी थांबवा. धुऊन गेलेलं औषध म्हणजे पैसे पाण्यात आणि विषही पाण्यात.

• वेळापत्रक आहे म्हणून सगळ्या फवारण्या करायच्या असं नाही. आधी मोहोर, पालवी पाहा. तुडतुडे दिसले तरच मारा. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका.

• फळमाशीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा वापरा. सापळ्यातलं औषध सापळ्यातच राहतं.

• खेकड्याचं आमिष बिळाच्या आतच ठेवा आणि बीळ बुजवा.

मेलेले मासे दिसले तर?

आधी पाहा, मेलं कोण. उन्हाळ्यात पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडत असतील आणि मोठे मासे आधी मेले असतील, तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असू शकतो. लहान मासे आधी मेले असतील, काही वेडेवाकडे किंवा गोल पोहत असतील, सोबत कोळंबी, खेकडे, पाणकिडेही मेले असतील, तर विषाचा संशय घ्यावा.

अशा वेळी मासे गोळा करून खाऊ किंवा विकू नका, गुरांनाही ते पाणी पाजू नका. मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. ठिकाण, तारीख, वेळ आणि खाडी असेल तर भरती की ओहोटी हे लिहून ठेवा. स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून बर्फात ठेवा. ग्रामपंचायतीला कळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय चिपळूणला आहे, आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय रत्नागिरीत आहे, तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्यानुसार नदी-ओढ्यात विषारी द्रव्य सोडायला मनाई आहे. पण कोर्टात टिकेल असा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच रीतसर घ्यावा लागतो. म्हणून तक्रार लगेच, शक्यतो त्याच दिवशी करा. वाहतं पाणी पुरावा घेऊन जातं.

मत्स्यशेती करणाऱ्यांनी शेततळ्यात बीज सोडण्याआधी एक साधी खात्री करून घ्यावी. तळ्यात लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात किंवा तळ्यातलं पाणी घेतलेल्या बादलीत थोडी पिल्लं एक-दोन दिवस ठेवून पाहावीत. ती तगली तर बाकीचं बीज सोडावं. अधिक माहितीसाठी रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. विद्यापीठाचीच ही संस्था, तिथे सल्ला मिळतो.

वलगणीला चढणारा मासा आपल्याच बागेखालून, आपल्याच खाचराच्या बांधावरून जातो. त्याची अंडी फुटायला एक दिवस पुरतो आणि पिल्लू तगायला आठवडाभर बरं पाणी लागतं. पावसाच्या तोंडावर पंप कुठे धुतला आणि बाटली कुठे टाकली, यावर पुढच्या दोन-तीन वर्षांचं कालवण ठरतं.